मोबाईलातली गिरिजा

१२ ऑगस्ट, मंगळवार

पेपरातला मोठा मथळा तेवढा वाचला. खालच्या ओळी म्हणजे सांडलेल्या गुळावर मुंग्या. चष्मा पुसला, खिडकीत जाऊन बसले, पेपर लांब धरला, जवळ धरला. मुंग्या त्या मुंग्याच. ह्यांना सांगितलं नाही. लगेच म्हणतील, या वयात वाचून कुठली परीक्षा द्यायचीय?

दुपारी आक्कांचा फोन. सगळा जन्म एका चुलीवर काढला आम्ही दोघी जावांनी. आता थोरल्या जाऊबाई कर्जतकडं मळ्यात, नि मी इथं केडगावला लेकाकडं. जेवलीस का, बरी हायस का, काही नाही. एकदम,
"गिरिजा मागं फिरली का न्हाई ती?"

आमच्या कादंबरीतली गिरिजा. मेंढरं घेऊन कोकणात उतरताना घाटात तिच्या सासूचा पाय मुरगळला. सासू म्हणाली तू हो पुढं, आणि ही खरंच गेली. उन्हाळ्यात मळ्यावर होते तेव्हा रोज दुपारी आक्कांना वाचून दाखवत होते, ते इथवर आलं नि मी इकडं आले. पुस्तक तिथंच, आक्कांच्या उशाला.

म्हटलं, येते पुढच्या महिन्यात, मग वाचू.
"पुढच्या महिन्यापत्तर ती म्हातारी घाटातच बसंल व्हय?"

१९ ऑगस्ट, मंगळवार

नगरला डोळ्यांच्या दवाखान्यात. लेकानं, संतोषनं, नागापूरच्या कंपनीतून सुट्टी काढली. डॉक्टरीणबाई तरुण, हात मऊ. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा पिकलाय. तेवढंच असतं तर काही नव्हतं. शुगरनं आतला पडदाही कमजोर केलाय.

"मोतीबिंदू काढू आजी. दिसेल. पण वाचता कितपत येईल, ते काढल्यावरच सांगता येईल."

दसऱ्यानंतरची तारीख दिलीय.

येताना मोटारसायकलवर मागं बसून सगळ्या पाट्या वाचायचा प्रयत्न केला. शाळेत मी गेले ती भावाचा डबा पोचवायला. अक्षरं गोळा केली ती लग्नानंतर, किराणाच्या पुड्यांवरून. शेंगदाणे डब्यात, कागद माझा. आक्का म्हणायच्या, भाकरी मी थापती, तू वाच काय लिवलंय त्यात. ही गोष्ट मला कुणी दिलेली नव्हती. म्हणून कुणी काढून घेईल असं कधी वाटलंच नाही.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

सूनबाई ओट्याशी उभी, कुकरच्या शिट्ट्या चाललेल्या, हातात मोबाईल, डोळ्यांत पाणी. माहेरचं काही?

"काय बघतेस गं एवढं?"
"बघत नाही आई. वाचतेय."

पुस्तक! अख्खं पुस्तक मोबाईलमध्ये. कुण्या वाचनालयाचं ॲप आहे म्हणे. किती वाचलीस अशी? तर म्हणाली, मोजली नाहीत. कुकर होईपर्यंत, रिक्षाची वाट बघताना, शिवणाचं गिऱ्हाईक ब्लाऊज घालून बघत असतं तेव्हा. "आणि तुम्ही म्हणता ना, ठेव तो मोबाईल, तेव्हासुद्धा."

मी जीभ चावली. ही हसत होती.

मनीषा नाव तिचं. रोजनिशीत आजवर 'सूनबाई' लिहीत आले. आजपासून म. लिहिणार, मैत्रिणीचं लिहितात तसं.

मग तिनं गिरिजा शोधली. आहे! तेच मुखपृष्ठ, तीच मेंढरं. मला अक्षर लागेना, तर तिनं दोन बोटं काचेवर ठेवून फाकवली. पोळीचा उंडा पसरावा तशी अक्षरं पसरली. 'घाट' हा शब्द माझ्या अंगठ्याएवढा.

वाचला. पुढचा वाचला. कुकर उतरला, वाफ गेली, वरण फोडणीला पडलं, मी आपली तिथंच ओट्याला टेकून.

२३ ऑगस्ट, शनिवार

ह्यांचं म्हणणं, मोबाईलनं उरलेले डोळेही जातील. मी म्हटलं, आत्तापर्यंतचे कशानं गेले? शुगरनं. मग सकाळचा चहा सोडता का माझ्याबरोबर?

म.नं दवाखान्यात फोन करून विचारलं. अक्षर मोठं ठेवा, थोडं थोडं वाचा, डोळे मिटून विश्रांती घ्या, त्यानं काही बिघडत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. हे ऐकून ह्यांनी पेपर उघडला. ह्यांच्याकडं अजून बटणांचाच फोन. त्यालाही कुलूप घालून झोपतात.

२५ ऑगस्ट, सोमवार

दुपारी ह्यांचा बटणांचा फोन मागून घेतला. तो आक्कांना लावून मोठ्या आवाजात ठेवला, शेजारी म.चा जुना मोबाईल, त्यात गिरिजा. घसा साफ केला.

"कुठलं वाचतीस? पुस्तक तर माझ्या उशाला हाय."
"मोबाईलमधलं वाचतेय आक्का. तेच पुस्तक आहे."
"त्ये कसं तेच आसंल?"

समजावलं. पटेना. शेवटी खरं कारण बाहेर आलं. त्यांचा लेक रोज मोबाईलवर कांद्याचा भाव बघतो. "सकाळी येक सांगतो, दुपारी येक. मी म्हनलं सकाळी तर निराळा हुता, तर म्हंतो बदलला. ज्ये सकाळचं दुपारी ऱ्हात न्हाई त्यातली गिरिजा काय कामाची? कागदावर छापलं की छापलं. कुनाच्या बापाला बदलता येत न्हाई."

वाचन राहिलं.

२६ ऑगस्ट, मंगळवार

आक्कांनीच तोड काढली. त्यांची सून वैशाली दुपारी गोठ्यातून आली की तिनं कागदाचं पुस्तक उघडून बोट ठेवायचं, इकडून मी मोबाईलमधलं वाचायचं. पहिल्या प्रकरणापासून!

मी वाचतेय. तिकडून मधूनच आक्का: "हाय का गं?"
वैशाली: "हाय आत्या."
"बघून सांग."
"बघूनच सांगते. काकी, तुम्ही वाचा."

दोन पानं झाल्यावर वैशाली म्हणाली, आत्या, शब्दाला शब्द हाय, म्हशी सोडायच्यात मला. तेव्हा कुठं निकाल लागला.

"बरं. आज तरी तेच हाय. उद्याचं उद्या बघू. घाटातनं चालू कर."

वैशालीला वाचता येतं, मग तीच का नाही वाचून दाखवत, असं ह्यांनी विचारलं. आक्कांनी ऐकलं. "भावजी, ती वाचती न्हवं, दावं तोडून पळती. आन् तिला टाइम कुठंय?"

४ सप्टेंबर, गुरुवार

रोज दुपारी. गिरिजा कोकणात उतरली. मेंढरं भातखाचरात बसवली. मागचा निरोप नाही.

आज म.नं नवीन दाखवलं. अडलेल्या शब्दावर बोट दाबून धरायचं, अर्थ खाली येतो! आयुष्यभर अडलेले शब्द मी मनात सांभाळून ठेवायचे, कोणी शिकलेला पाहुणा आला की चहा देताना विचारायचे. तोवर कधीकधी शब्दच विसरायचा. आज सात-आठ शब्द उगीच दाबले. अर्थ माहीत असलेलेही. बरोबर सांगतो का बघायला.

एक आवडत नाही, ते पण लिहिते. किती राहिलंय ते हाताला कळत नाही. कागदाच्या पुस्तकात डावीकडं जाड, उजवीकडं पातळ झालं की आपोआप वाचायचा वेग कमी व्हायचा. इथं शेवट कधी अंगावर येईल सांगता येत नाही. आणि ऐन रंगात कुणीतरी बाई फोन करून विचारते, लोन हवंय का.

१५ सप्टेंबर, सोमवार

उजव्या डोळ्यात आता नुसतं दूध. डाव्यानं भागवते. अक्षर वाढवत वाढवत नेलं, आता एका काचेवर दोन शब्द मावतात. 'गिरिजा म्हणाली' एवढं वाचून बोट सरकवायचं, काय म्हणाली ते येईपर्यंत आक्का तिकडं तीनदा हूं म्हणतात.

"सुमन, तू अडखळतीस."
"मोबाईल हळू चालतोय, आक्का."
"मोबाईल का तू?"

डोळ्यांचं सांगितलं त्यांना. सगळं. पडद्याचंही. मग म्हणाल्या, "आज ऱ्हाऊ दे. जेवून घे."

१७ सप्टेंबर, बुधवार

म. म्हणते, हा मोबाईल स्वतः वाचतो. बटण दाबलं नि आतून बाई वाचायला लागली. स्वच्छ मराठी. अडखळत नाही, थांबत नाही. घाटातली म्हातारी आणि मेंढरांची संख्या दोन्ही एकाच सुरात.

कौतुक वाटायला हवं होतं. वाटलंही. पण घास गिळताना खडा लागावा तसं काहीतरी. मग मी कशाला हवी?

आक्कांना ऐकवलं. पानभर ऐकून म्हणाल्या, "बरी हाय की. दमत न्हाई, खोकत न्हाई. आन् रडत न्हाई. तू रडतीस, मग नाक शिंकरतीस, तवर मला थांबायला लागतं."

झालं. म्हटलं, मग वैशालीच्या मोबाईलवर म. तेच घालून देईल, तुम्ही ऐकत जा निवांत.

"आन् तू?"
"मी काय करू?"
"आगं, मारुतीच्या देवळात पोथी लागती तवा काय आसतं? येक वाचतो, दुसरा अर्थ सांगतो. वाचनाऱ्याला कोन इचारतं? लोक बसत्यात अर्थ सांगनाऱ्यासाठी. ती बाई वाचंल. अर्थ तू सांग."
"अहो, मराठीच आहे ते. अर्थ काय सांगायचा?"
"मराठी मलाबी कळती. गिरिजा म्हातारीला टाकून गेली का गेली, त्ये सांग. त्या बाईला इचारलं तर सांगंल का ती?"

देवळात श्रावणभर ते दोन पाट समोर मांडलेले असायचे. आम्ही बायका खांबाआड, मांडीवर पोरं घेऊन. त्या पाटावर बसायचं कधी मनातही आलं नाही आमच्या. आक्कांच्या आलं होतं की काय?

२३ सप्टेंबर, मंगळवार

नवीन पद्धत बसली. बाई परिच्छेद वाचते, मी बोट दाबून तिला थांबवते, मग आमचं चालतं. आज एका परिच्छेदावर अर्धी दुपार. आक्कांचं मत, गिरिजा गेली ते बरोबर. मेंढरं थांबली असती तर सगळेच मेले असते. माझं मत, जाताना तिनं मागं वळून बघितलं नाही, ते चूक.

"वळून बघितलं आसतं तर पाय उचलला नसता तिचा. म्हातारीला कळत हुतं त्ये."

मी केडगावला यायला निघाले त्या दिवशी आक्का गोठ्यातून बाहेरच आल्या नव्हत्या. विचारलं नाही मी. बाईला पुढं वाचायला लावलं.

हे आता कॉटवर पडून ऐकतात. झोपल्याचं सोंग. आज गिरिजाच्या दिरावर मोठ्यानं "हलकट आहे" म्हणाले.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

घरातली हत्यारं पुजली. पाटावर ह्यांचं खुरपं नि विळा, संतोषचे पाने, म.ची कात्री, शिलाई मशीनला शेजारी माळ. आणि वाटलं, ज्यानं मला डोळे उसने दिले त्याला कसं वगळायचं? मोबाईल मांडला. आंघोळ घातली नाही, एवढी अक्कल आहे. फुलानं चार थेंब शिंपडले, गंध लावलं, हळदकुंकू वाहिलं, अक्षता. नमस्कार करताना खरंच भरून आलं.

संध्याकाळी चार्जर आत जाईना. म.नं बघितलं तर खालच्या भोकात ओल्या कुंकवाचा चिखल. आवाजाच्या जाळीतही. बाई बोलते तर तोंडात रुमाल कोंबल्यासारखी. आणि मग तेवढंही नाही. काच काळी.

म. हसून हसून खाली बसली. हे म्हणाले, "एवढी वर्षं खुरप्याला कुंकू लावतोय आपण. ते कधी बंद पडलं?"

आक्कांना कळवलं. "पूजा केली ह्ये बेस केलं. पर देवाच्याबी तोंडात कुनी कुंकू भरत न्हाई, सुमन."

हसले. पण आठवडाभरात ऑपरेशन. आणि गिरिजा दिराच्या हवाली मेंढरं करून एकटी परत निघालीय, घाटाच्या पायथ्याशी आलीय.

४ ऑक्टोबर, शनिवार

म.नं दातांच्या मऊ ब्रशनं नि सुईनं जमेल तेवढं काढलं. बाकीचं केडगावातल्या दुकानदारानं. तो म्हणाला, आजी, तुम्ही एकट्या नाही, नवमी झाली की असे लाल मोबाईल येतातच. जीव भांड्यात पडला. चालू झालाय. बाईचा आवाज थोडा बसलाय. तिला शोभतो.

८ ऑक्टोबर, बुधवार

उद्या उजवा डोळा. म.नं बॅग भरली. हे दोनदा म्हणाले, घाबरू नको. म्हणजे घाबरलेत.

लिहिताना ओळ वर जातेय की खाली, कळत नाही. ऑपरेशन झाल्यावर पंधरा दिवस मोबाईल नाही, वाचन नाही, वाकायचं नाही. आक्का म्हणाल्या, मी थांबती. गिरिजाबी थांबंल.

आतला पडदा कसा निघतो. बस्स. तेवढंच.

११ ऑक्टोबर, शनिवार

(आई सांगतायत, मी लिहितेय. म.)

ऑपरेशन नीट झालं. पट्टी काढली तेव्हा आधी उजेड आला, मग म.ची साडी. मी तिला राखाडी समजत होते. हिरवी आहे, पोपटासारखी. तिला म्हटलं, तू गोरी आहेस की गं. (हे मी लिहिणार नव्हते, आईंनी लिहायला लावलं.)

डॉक्टरीणबाईंनी तक्ता दाखवला. वरची मोठी अक्षरं आली. खालची नाहीत. बरोबर मध्यभागी एक डाग आहे, शब्दाकडं बघितलं की शब्दावरच बसतो. सूज उतरली तर कमी होईल, नाहीतर नाही. आत्ता काही सांगता येत नाही म्हणाल्या.

(आईंनी वही मिटवायला लावली. बाकी उद्या.)

१६ ऑक्टोबर, गुरुवार

(म.च्या हातून.)

आक्का थांबल्या नाहीत! वैशालीच्या मोबाईलवर तेच ॲप घालून घेतलं नि त्या बाईकडून पुढचं सगळं ऐकलं. वैशालीला बटण दाखवायला लावलं नि आता स्वतः दाबतात. मोबाईल उशाखाली, कागदाचं पुस्तक खिडकीत. वैशाली सांगत होती, काकी, आत्या म्हशींना वैरण टाकताना कमरेला खोचून ऐकत्यात.

मी रुसले. म्हटलं, गिरिजाही थांबेल म्हणाला होतात.
"आगं, तू पडून ऱ्हायलीस, वेळ जाईना. तुला सांगायला म्हनून ऐकलं. आडवी हो, सांगती."

आणि सांगितलं. घाट चढताना गिरिजाला कोळसेवाला भेटला तिथून. अक्षर न ओळखणारी ही बाई, पण काय सांगते! घाटातला वारा कुठल्या बाजूनं लागतो, चढताना लुगड्याचा काठ कुठं अडकतो, गिरिजाच्या मनात कोणती शिवी आली. हे कॉटवर उठून बसले.

फोन ठेवल्यावर म.नं मोबाईलमध्ये बघितलं. म्हणाली, आई, यातलं निम्मं पुस्तकात नाहीच.

(खरंच नाहीये. पण त्यांचं जास्त चांगलं आहे. म.)

२५ ऑक्टोबर, शनिवार

दिवाळी झाली. आज माझ्या हातानं लिहितेय, जाड स्केचपेननं, एका पानावर चार ओळी.

आक्कांनी रोज थोडं सांगत आणलं. आज गिरिजा वरच्या खिंडीत पोचली. लांब एक खोपटं दिसलं. त्यातून धूर. आणि आक्का थांबल्या.

"पुढं?"
"पुढचं मी न्हाई सांगनार."
"आक्का, चेष्टा नको. म्हातारी आहे का त्यात?"
"मला ठावं हाय. पर शेवटचं तू वाचायचं. तुज्या डोळ्यानं."
"नाही वाचता आलं तर?"
"मंग नको."

म.ला म्हटलं तू वाच, नाहीतर त्या बाईला लाव. म. म्हणाली, थोरल्या आईंनी मला शपथ घातलीय. संतोषला विचारलं, त्यालाही घातलीय. ह्यांच्याकडं बघितलं तर हे म्हणाले, मला तर वाचायचा कंटाळाच आहे. एवढ्या लांब बसून सगळं घर बांधून ठेवलं या बाईनं.

राग आला. तासाभरानं हसू आलं. मग दोन्ही.

२ नोव्हेंबर, रविवार

डाग आहे. गेला नाही. डावा डोळाही आता दुधाळलाय. पण म.नं युक्ती सांगितली, दवाखान्यातून विचारून आली होती. शब्दाकडं सरळ बघायचं नाही. जरा बाजूला बघायचं, मग शब्द डागाच्या बाहेर निघतो. नवीन सुनेकडं बायका बघायच्या तसं.

दुपारी बटणांचा फोन आक्कांना लावला. म्हटलं, बसतेय.
"बस. मोठ्यानं वाच."

शेवटचं प्रकरण. अक्षर सगळ्यात मोठं. पहिला शब्द लागला. दुसरा जोडाक्षरी, त्याला वेळ लागला. मान वाकडी करून, डाव्या कडेनं, मग वरच्या कडेनं. घामाघूम. म. दारात उभी, आत आली नाही.

दोन ओळी झाल्या. गिरिजा खोपटाच्या दारापाशी आलीय, दाराला हात लावलाय. तिसऱ्या ओळीत पहिल्याच शब्दाला अडले. पाणी आलं डोळ्याला, पुसलं, परत बघितलं. डाग सरकेना.

आक्कांना पाठ असणार तो शब्द. पुढचं सगळंच. फोनमधून मागं म्हैस हंबरलेली ऐकू आली, वैशालीनं बादली ठेवलेली ऐकू आली. आक्कांनी शब्द पुरवला नाही. 'हूं' सुद्धा म्हणाल्या नाहीत. नुसत्या थांबून राहिल्या.